डाव्या डोळ्याची खोबण

हयातीच्या दाखल्याला गेले होते,
नाशिकरोडची बँक, नोव्हेंबरची सकाळ.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, आजी, डोळे नीट उघडा.
उघडेच आहेत, मी म्हणाले.
मशीनला ते पटेना.
तिसऱ्या खेपेला त्याने मानलं की मी जिवंत आहे,
डाव्या बाजूने जरा नाखुशीनेच.

घरी येऊन आरशापुढे उभी राहिले,
नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं उभी राहायचे तशी:
शाईचा वास, ताव उलट, ताव उलट,
कुठे रेघ पुसट, कुठे आकडा सरकलेला,
पेन्सिलीची खूण, ताव बाजूला.
लगेच दिसलं.
उजवी पापणी भरलेली.
डावी आत गेलेली, भुवईच्या हाडाखाली,
वाफ निघून गेल्यावर फुगलेली पोळी बसते तशी.
एकाच छापाचे दोन डोळे
आणि एकात खोट.

निदानं फुकट मिळाली.
जाऊ म्हणाली, अंगात रक्त नाही, बीट खा.
जेलरोडची भाजीवाली: रात्री जागता का ताई?
वरच्या मजल्यावरचे दुसाने:
वय हो, चरबी आधी डोळ्यांतून जाते,
पोटातून जातच नाही.
धाकटा भाऊ म्हणाला, अण्णांचे डोळे आलेत तुला.
अण्णांचे दोन्ही खोल होते, तरुणपणापासून,
त्यांनी बघितलं की दुरून बघितल्यासारखं वाटायचं.
माझा एकच.
वारसा असा अर्धा कुठे मिळतो?

गंगापूर रोड, तिसरा मजला,
रिसेप्शनच्या मुलीने पुकारलं, बागूल कुमुदिनी.
डॉक्टर मृण्मयी कुलथे, माझ्या मुलीच्या वयाची.
तिने बोटाने पापणी उचलली, सोडली,
छोट्या पट्टीने मोजली,
जुना फोटो मागितला. निवृत्तीचा होता,
शाल-नारळ आणि दोन सारख्या पापण्या.
मग विचारलं, थेंब कुठले घालता?

काचबिंदूचे. झोपताना. फक्त डाव्यात.
चार वर्षं झाली.
ती म्हणाली, पापण्यांचे केस बघितलेत कधी?
बघितले होते.
डावीकडचे लांब, काळेभोर, नव्या नवरीचे.
मला वाटायचं, चला, या वयात काहीतरी उगवलं.
तोच थेंब केस वाढवतो,
तोच पापणीमागचं लोणी चाटून नेतो.
आणि नजर राखतो, ती म्हणाली, तोही तोच.

म्हणजे चोर आणि राखणदार एकच.
आमच्याकडे अशाची गेटवर झडती व्हायची.

तिने उपाय सांगितले, घाई न करता.
सुईने जेल भरता येतं, काही महिने, कधी वर्षभर टिकतं,
पण डोळ्याशेजारची सुई, धोका क्वचित,
आणि क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे.
पोटाची चरबी काढून इथे पेरता येते,
काही रुजते, काही नाही.
(दुसानेंना कळवायला हवं.)
पापणी उचलणारा स्नायू सैल असता तर शस्त्रक्रिया,
तुमचा घट्ट आहे.
नाहीतर थेंब बदलू, दुसऱ्या जातीचा, दाब मोजत राहू.
महिने लागतील. थोडं भरेल. सगळं भरेलच असं नाही.
आपल्या मनाने मात्र एक रात्रही चुकवायची नाही.

शेवटचं बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही,
कागदावर दोनदा रेघ मारली.
ती खूण मला कळते.

नवी बाटली दिवसातून दोनदा, जरा झोंबते.
रात्री पर्समधली शंभराची नोट काढून दिव्यासमोर धरते,
आधी उजवा झाकून, मग डावा.
डाव्याला कडेचं थोडं कमी दिसतं.
जलचिन्ह दिसतं.
तेवढं दिसलं की नोट घडी करून परत.

या नोव्हेंबरात मशीनने दुसऱ्या खेपेला मानलं.
खोबण किती भरली ते मी मोजत नाही,
कुलथेबाई मोजतात.
लांब केस तेवढे गळायला लागलेत,
उशीवर सापडतात एखादे,
त्यांचं जरा वाईट वाटतं.